सागाला दिलेला हुकूम

पालवणीच्या राजांनी गावात पहिली शाळा बांधली आणि दरवाजासाठी म्हाताऱ्या सखबा सुताराला बोलावलं.

"परवाच साग पाडलाय. अक्षय्य तृतीयेला शाळा उघडायची. त्याआधी दरवाजा हवा."

"सरकार, साग गुणाचा. वाळवी लागत नाही, पाण्यानं कुजत नाही. पण ओला कापला तर सुकताना आक्रसतो. दोन उन्हाळे थांबा."

"सगळं राज्य माझा हुकूम मानतं, साग तेवढा मानणार नाही? जमत नसेल तर वतन दुसऱ्या सुताराला देतो!"

याच राजांना सखबाने पांगुळगाडा करून दिला होता. हा हट्ट त्याला तेव्हापासून ठाऊक होता. त्याने त्या ओल्या सागाच्या दोन फळ्या घट्ट भिडवून आडव्या पट्टीवर ठोकल्या.

"मग यालाच हुकूम द्या, सरकार. आक्रसू नकोस म्हणा, आणि सांध्यावर लाखेची मोहोर उठवा."

राजांनी ऐटीत मोहोर उठवली. फळ्या चैत्राच्या उन्हात राहिल्या. दहाव्या दिवशी सांध्यात नखभर फट पडली होती आणि मोहोरेचे दोन तुकडे झाले होते.

सखबाने हात जोडले. "सरकारांची मोहोर मोडणाऱ्याला काय शिक्षा असते?"

राजे खो खो हसत सुटले. "दोन उन्हाळे कोठडी! पण सखबा, तोवर माझ्या शाळेचं काय?"

"उघडा की ठरल्या दिवशी. पोरांना आत यायला दार कुठं लागतं?"