बारा जणांची घाई

एका गावच्या वाचनालयात एक जुना संगणक राहत होता. त्यावर लिनक्स ही सर्वांसाठी खुली असलेली प्रणाली चालायची. बटण दाबलं की त्याच्या पोटात बारा प्रोग्राम एकदम जागे होत आणि कल्लोळ माजे. ग्रंथपाल कुमुदताई एखादं पुस्तक शोधायला सांगत, तोवर त्याला धाप लागलेली असे.

"उद्या याला भंगारात देऊन टाकते," ताई एकदा वैतागून म्हणाल्या.

"माझी मेमरीच कमी पडते," संगणक घाबरून कीबोर्डला म्हणाला.

"मेमरी पुरेशी आहे रे," कीबोर्ड म्हणाला. " तू सगळ्यांना उगाच उठवून बसवतोस. कशाला जागता, हे विचार तरी त्यांना."

संगणकाने विचारलं. हवामानवाला म्हणाला, "कुणी पावसाचं विचारलं तर?" छपाईवाला हळूच म्हणाला, "प्रिंटर परत आला तर?" प्रिंटर जाऊन तीन वर्षं झाली होती.

संगणकाला गलबलून आलं. तरी तो म्हणाला, "झोपा आता. हाक मारली की उठा."

"आणि हाक आलीच नाही तर?" छपाईवाल्याने विचारलं.

संगणकाने एकेकाला निजवलं. आतली शांतता त्याला खायला उठली.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात आला, तेव्हा ताईंनी शेवटचं म्हणून बटण दाबलं. चष्मा पुसेपर्यंत पडदा तयार! "थांबा हो जरा," असं भंगारवाल्याला सांगून त्यांनी एका पुस्तकाचं नाव टाइप केलं. त्यांचं मागणं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत संगणकाला प्रथमच नीट ऐकू आलं.