पिवळ्या धाग्याची मुनिया

फार पूर्वी वेत्रवतीच्या काठी सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गवत कापणाऱ्याच्या घरी जन्मले. राजाच्या पागेला रोज भारा पोचवायचा, हे त्यांचे काम. विळा चालवता चालवता कोणत्या गवतात कोणते पाखरू राहते, हे त्यांना तोंडपाठ झाले होते.

त्याच नगरात रोहक नावाचा पारधी होता. भाद्रपदात त्याने राजाला सात लाल मुनिया आणून दिल्या. कुंकवासारखा रंग, त्यावर पांढरे ठिपके. राजा हरखून गेला. पण फाल्गुन आला आणि सातही पाखरे मातकट झाली. पूर्वी कुणीतरी लाखेने रंगवलेल्या चिमण्या राजाच्या गळ्यात मारल्या होत्या. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. राजा कडाडला, "यानेही फसवले. हात तोडा याचे!"

"पकडली तेव्हा लालच होती हो, महाराज! लेकरांची शपथ!" रोहक गयावया करू लागला. पण ऐकतो कोण?

पागेत भारा टाकून आलेले बोधिसत्त्व पुढे झाले. "महाराज, हा खरे बोलतो. विणीचे दिवस सरले की हे नर लाल पिसे टाकतात. पिंजऱ्यातल्या कण्यांवर ती परत येतीलच असे नाही. त्यांना नदीकाठच्या लव्हाळ्यात सोडा आणि श्रावणापर्यंत थांबा."

"आणि रंग नाही आला तर?"

"तर माझेही हात तोडा."

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "नसती उठाठेव! हात गेले तर विळा कोण धरणार?"

"आणि त्याचे गेले तर त्याच्या पोरांना कोण भरवणार?" बोधिसत्त्व एवढेच म्हणाले.

राजाने स्वतः सातही पाखरांच्या पायात पिवळा रेशमी धागा बांधला आणि ती सोडून दिली. रोहक कोठडीत बसून रोज आपले तळवे न्याहाळी.

श्रावणात राजा दोघांना घेऊन निघाला. टेकडीच्या झुडपांत हिरव्या मुनिया होत्या, माळावरच्या बाभळींत छातीवर खवल्यांसारखी नक्षी असलेल्या. राजवाड्यातल्या पिंजऱ्यांत ज्यांना तो क्षणभर पाही, त्यांच्यापुढे राजा घटकाघटका उभा राहिला. रोहकला मात्र कसला रंग न् कसले काय! त्याला एक धागा हवा होता. लव्हाळ्यात लाल मुनिया शेकड्यांनी होत्या, पण सगळ्यांचे पाय मोकळे. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी राजा म्हणाला, "पुरे झाले."

तेवढ्यात चोचीत काडी धरून एक नर समोरच्या तुऱ्यावर बसला. पायातला धागा ऊनपावसाने पार विटला होता. पाखरू मात्र कुंकवासारखे लाल होते.

"गाठ माझीच," राजा हळूच म्हणाला. त्याने रोहकची क्षमा मागितली आणि बोधिसत्त्वांना गाव इनाम देऊ केले. त्यांनी गाव घेतले नाही, राजवाड्यातले सगळे पिंजरे उघडायला लावले. रोहक त्यांचे हात हातात घेऊन ढसाढसा रडला. पुढे राजाने त्यालाच त्या लव्हाळ्याचा राखणदार केले.

एवढे सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, आज सकाळी ज्याच्यावर खोटा आळ आला तो तुमच्यातला तरुण भिक्षू म्हणजे तेव्हाचा रोहक. आळ घेणारा उपासक म्हणजे तो राजा. गवत कापणारा मीच होतो. दुसऱ्याच्या खरेपणासाठी आपले हात पुढे करणे, हीच करुणा."