युवराजाच्या आधी बोलणारी मैना

माझ्याएवढी अस्सल गोष्ट सांगणारा दहा गावांत सापडायचा नाही. आता ही गोष्ट मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, तो भाग निराळा.

एका राज्यात जादूची पाठशाळा होती. तिथं दंडक एकच: मंत्र ज्याचा त्यानं रचावा, दुसऱ्याचा म्हटला, तर आधी त्याचं नाव घ्यावं. युवराज सुकेतूला फक्त स्वतःचं नाव घ्यायची सवय. त्याच्या वर्गातली वल्लरी परीक्षेआधी आपला मंत्र घोकत होती. यानं खांबाआडून ऐकला आणि परीक्षेत तिच्या आधी म्हणून मोकळा झाला. कोरड्या तळ्यात कमळं उमलली. युवराजाच्या गळ्यात हार पडला. मागून वल्लरीनं तोच मंत्र म्हटला, तर चोर म्हणून तिलाच पाठशाळेबाहेर काढलं. विद्वान मंडळी न्याय करायला बसली, की असाच झटपट करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकेतूच्या खांद्यावर एक मैना येऊन बसली. तो जे बोलणार, ते ती आधीच बोले. "मला भूक लागली," मैना म्हणे; मग युवराज म्हणे. आचारी उपरण्याआड हसत.

पाठशाळेच्या आचार्या शारंगा म्हणाल्या, "हा शाप आहे. कशाचा, ते तुलाच ठाऊक. तीन कामं देते. एकदा तरी मैनेच्या आधी बोल, शाप सुटेल."

पहिलं काम, दगडी हत्तीला हाक मारून उठवायचं. हाक मैनेनं मारली. हत्ती उठला आणि तिच्यामागं चालू लागला. दुसरं, खजिन्यावरच्या नागाला आपलं नाव सांगायचं. तेही मैनेनं सांगितलं. नागानं फणा लववून तिलाच मुजरा केला. तिसरं काम राज्याभिषेकाची शपथ. जो आधी उच्चारील, सिंहासन त्याचं. प्रधानजी धोरणी, त्यांनी मैनेच्या मापाचा मुकुटही घडवून ठेवला.

दरबार भरला. मैनेनं घसा खाकरला. गर्दीच्या कडेला वल्लरी उभी होती. सुकेतूनं तिच्याकडं पाहिलं आणि शपथ गिळली.

"कमळं वल्लरीची होती. मंत्र मी चोरला."

मैनेनं चोच उघडली, आवाज निघेना. पंख झटकून ती खिडकीतून उडून गेली.

आचार्यांनी हार वल्लरीला घातला, तिला पाठशाळेत परत घेतलं आणि युवराजाला बसवलं पहिलीच्या पोरांत. अभिषेक ठरला तो उत्तीर्ण झाल्यावर.

संध्याकाळी सुकेतू तळ्याकाठी आला. "वल्लरी, तुझी माफी मागायची आहे. शब्द जुळत नाहीत. दोन ओळी तूच सांगशील?"

"नाही, युवराज. तुमचे तुम्हाला सुचेपर्यंत मी इथं बसते. मला घाई नाही."