तिसऱ्या उंबऱ्यावरचा नकार

एका राज्यात, जिथे मांत्रिक पिशवी घेऊन भाजीला जात आणि पक्षी भरदरबारात बोलत, एक जुना रिवाज होता. कुणाला मद्यशाळा उघडायची असो की नाचगाण्याचा रंगमहाल, त्याने आधी शेजारच्या तीन उंबऱ्यांवर जाऊन विचारावे. मगच राजाने परवाना द्यावा.

पण राजा उग्रकेतूला भारी घाई! सुगंधा नावाच्या गायिकेचे गाणे त्याला आवडले आणि त्याने तिथल्या तिथे तिच्या रंगमहालाच्या परवान्यावर मोहोर उठवली. म्हणाला, "गल्ली माझी, मद्य माझे. शेजाऱ्यांना काय विचारायचे?" सुगंधाही हुरळली. तिनेही विचारले नाही.

झाले! पहिल्याच मैफलीत शाप लागला. तिथे जो पेला ओठाला लावी, त्याला घरची वाट सापडेना. बाहेर पडावे, कोपरा वळावा, तर समोर पुन्हा तोच रंगमहाल. सुगंधाचा धाकटा भाऊ सारंगधर तिथे मृदंग वाजवी. त्यानेही एक पेला घेतला होता. हळूहळू तो घर विसरला, आईला विसरला आणि एका सकाळी बहिणीलाच म्हणाला, "बाई, आपण कोण?"



त्या राज्यात परवान्यासोबत एक राघू मिळे. तो चौकटीवर बसून सगळे पाही. सुगंधाने त्याच्यापुढे पदर पसरला.

"राघूबाबा, माझा भाऊ मला परत दे."

"राहिलेले काम आता कर," राघू म्हणाला. "तिन्ही उंबऱ्यांवर जा. विचार. मिळेल ते उत्तर मला खरे सांग आणि तसेच वाग. खोटे बोललीस, तर भाऊ कायमचा गेला."

पहिल्या उंबऱ्यावर मांत्रिक होता. साऱ्या राज्याची झोप तो मागावर विणी. "तुझ्या मृदंगाने माझे धागे तुटतात," तो कुरकुरला. "दिवेलागणीला वाजवणे थांबव, मग माझा होकार."

सुगंधाने कबूल केले.

दुसरा उंबरा विहिरीचा. तळाशी सात फण्यांचा नाग शापित धनावर बसलेला. "तुझी माणसे मद्याचा गाळ माझ्या पाण्यात ओततात," तो फुत्कारला. "माझी पोरे झिंगून भिंतीवर आपटतात!"

"यापुढे ओतणार नाहीत."

"मग होकार."

तिसरा उंबरा गोदाक्काचा, अगदी समोरचा. तिथे ना जादू, ना मंत्र. एक चूल आणि एक रिकामा पाट. गोदाक्काचा नवरा रंगमहालातच अडकला होता.

"होकार दे, अक्का," सुगंधा म्हणाली. "तुझा माणूस घरी येईल. माझा भाऊही सुटेल."

"आज येईल गं. उद्या पुन्हा तुझ्याकडेच जाऊन बसेल. दार उघडले की तुझेच दार दिसते त्याला." गोदाक्काचे डोळे भरले. "तुझे गाणे गोड आहे, बाई. पण इथे नको."

सुगंधा गयावया करू शकली असती. पण तो रिकामा पाट तिने पाहिला आणि हात जोडून ती निघाली. ती परतली तेव्हा रंगमहालाच्या दारात राजा उभा होता.

"होकार मिळाला म्हणून सांग," तो कुजबुजला. "मी साक्ष देतो. राजाला खोटा कोण म्हणेल?"

आत सारंगधर परक्या नजरेने तिच्याकडे बघत होता. सुगंधाला रडू कोसळले. रडतरडतच ती म्हणाली, "राघूबाबा, दोन होकार, एक नकार. आणि गोदाक्काचे खरे आहे." मग तिने स्वतःच्या हातांनी रंगमहालाचे दार बिजागरीतून उतरवले.

राघू म्हणाला, "विचारलेस. ऐकलेस. शाप फिटला."

वाटा मोकळ्या झाल्या. माणसे डोळे चोळत आपापल्या घरी निघाली. गोदाक्काचा नवरा मान खाली घालून पाटावर बसला आणि सारंगधर म्हणाला, "ताई, रडतेस का? चल, आई जेवायची थांबली असेल."

राजा मात्र हिरमुसला. गाण्यावाचून त्याला चैन पडेना. काही दिवसांनी त्याने नदीकाठी नवी जागा पाहिली, परवाना लिहिला आणि मोहोर उचलली. राघू उडत येऊन त्याच्या मनगटावर बसला.

"तिकडच्या शेजाऱ्यांना विचारलेस?"

राजाने मोहोर खाली ठेवली. जोडे घातले, नदीकाठी चालत गेला आणि पहिल्या झोपडीची कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून एक बाई ओरडली. "थांबा जरा, भाकरी तव्यावर आहे!"

राजा थांबला.