दोन रांगा आणि एक हाक

नद्यांना अजून नावं पडली नव्हती, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका खोऱ्यात, भर उन्हाळ्यात, कोरड्या नदीच्या पात्रातल्या एवढ्याशा ओहोळाचं पाणी एका सकाळी तांबूस दिसू लागलं. काव कालवल्यासारखं. आभाळात तर ढगाचा ठिपकाही नव्हता.

बस, एवढंच. पण नदीच्या वळणावर, उंच खडकावर राखणीला बसलेली मुलगी दचकून उभी राहिली.

आता दचकणं काय, तिचं रोजचंच होतं. सरडा सळसळला तरी ती दचकायची. गाव तिला दचकीच म्हणायचं. मागे एकदा तिने घोरपड पाहून हाक मारली होती आणि सगळं गाव तव्यावरची भाकरी टाकून टेकडीवर पळालं होतं. ते हसणं अजून संपलं नव्हतं. म्हणून तिने आधी डोळे चोळले. मग खाली उतरून पाणी ओंजळीत घेतलं. बोटांना गाळ लागला.

तिला तिथे का बसवलं होतं, ते सांगते. नदीच्या वरच्या अंगाला एक गढी होती. गढीवाल्याने नदीवर दगडी बंधारा घातला होता आणि त्याच्या दारांना लाकडी फळ्या लावल्या होत्या. एरवी तो खाली थेंब सोडायचा नाही. पण दूर डोंगरात वळीव कोसळून बंधारा तुंबला, की आपला बंधारा वाचवायला तो फळ्या काढायचा. खाली कोण आहे, हे विचारायचा नाही. लोंढ्याच्या आधी ओहोळ गढूळ व्हायचा, तेवढीच काय ती खूण.

म्हणून खालच्या गावाने रीत पाडली होती. खडकावरून हाक आली, की गावातल्या कोणीतरी ‘ओ’ द्यायची. ओ ऐकली, की सगळ्यांनी टेकडी गाठायची. नुसत्या हाकेवर कोणी हलायचं नाही. घोरपडीच्या वेळीही कोणीतरी घाईने ओ दिली होती, म्हणून गाव पळालं. एकाची भीती ती भीती, दोघांची झाली की खबर, असं जुनी माणसं म्हणत.

आणि आज निवडीचा दिवस होता.

खोऱ्याचा कारभारी निवडायची वेळ आली, की एक माणूस गढी उभा करी, एक खालचं गाव. मग सगळ्या खोऱ्याने दोघांतला एक घ्यायचा. आजवर गढीवालाच जिंकत आला होता. पण या खेपेला खोरं त्याला विटलं होतं. खालच्या गावाने एक माणूस दिला असता, तर बंधारा त्याच्या हाती आला असता. आज सूर्य माथ्यावर येईपर्यंत तो द्यायचा होता. नाही दिला, तर गढीवाला बिनविरोध.

एक माणूस. गावाकडे मात्र दोन होते.

एक म्हातारे तात्या. जन्मभर होडी चालवलेले. ते म्हणत, “आठवड्यातून दोन दिवस पाणी सोडा, एवढंच मागू. जास्त मागितलं तर गढी आणि आपल्या मधल्या वाड्या बुजतात. त्यांच्याशिवाय आपण जिंकतो कसले?”

दुसरी गवंड्याची तरणी लेक. ती म्हणे, “तात्या, तहान काय दोनच दिवस लागते? हा बंधारा माझ्या बापाने बांधलाय. मी फोडते.”

दोघांचंही खरं होतं. वाईट तेच होतं. एक जण खोटा असता, तर गावाचं काम सोपं झालं असतं.

दचकीचे वडील, आबा, तात्यांच्या बाजूचे. तिची थोरली बहीण, अक्का, गवंड्याच्या लेकीच्या. घरात ताटं एकाच चुलीपुढे मांडली जात, पण बोलणं दचकीमार्फत होई.

“दचके, तुझ्या अक्काला सांग, मीठ इकडे सरकव.”

“दचके, आबांना सांग, मीठसुद्धा आठवड्यातून दोनच दिवस मिळेल.”

दचकी मीठ सरकवायची आणि घास गिळायची.

निवड व्हायची ती कोरड्या नदीच्या पात्रात, कारण गावात तेवढी एकच जागा कोणाच्या मालकीची नव्हती. वाळूत दोन रांगा लागायच्या. डाव्या काठाकडे तात्यांची, उजव्या काठाकडे गवंड्याच्या लेकीची. मोजणी होईपर्यंत हलायचं नाही. जो रांगेतून हलला, तो मोजणीतून गेला.

दचकी खडकावर परत चढली. ओहोळ आता रुंद झाला होता. त्यावरून काटक्या येत होत्या आणि एका काटकीवर मुंग्यांचा पुंजका होता. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

“पाणी येतंय होऽऽ!”

दोन्ही रांगांनी मान वर केली. ओ कोणी दिली नाही.

“आली घोरपड!” डावीकडून कोणीतरी म्हणालं. रांग हसली.

“पोरगी कोणाची?” उजवीकडे एकाने विचारलं. “तात्यांच्या माणसाची ना? बघा, आपली रांग लांब झाली आणि लगेच पाणी आलं!”

तिकडे डावीकडे एक आजी म्हणाल्या, “हिची बहीण त्या रांगेत आहे गं बाई. जग बुडालं, जग बुडालं, हे यांचं रोजचंच. आपण पळालो की मोजून मोकळे होतील.”

“आबा!” दचकी ओरडली. “पाणी गढूळ झालंय! मी हात घालून बघितलं!”

आबांनी ऐकलं. त्यांनी एक पाय उचललासुद्धा. मग त्यांची नजर समोरच्या रांगेवर गेली. तिथे कोणी हललं नव्हतं. आबांनी पाय होता तिथे ठेवला.

“अक्का, तू तरी ओ दे!”

अक्काचे ओठ उघडले. शेजारच्या बाईने तिचा दंड धरला. “वेडी की काय? तू ओ दिलीस की आपली रांग पळणार. आधी त्यांना देऊ दे.”

अक्काने आबांकडे पाहिलं. आबांनी अक्काकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी बापलेकीची नजरानजर झाली होती. त्या नजरेत दोघंही एकच म्हणत होते, आधी तू.

तात्या जन्मभर पाण्यावर वावरलेले. त्यांच्या पायाखालची वाळू ओली झाली, तशी त्यांना ती कळली. गवंड्याच्या लेकीला दगडांची ओळख होती. लांबून येणारा खडखडाट दगड घरंगळण्याचा आहे, हे तिच्या ध्यानात आलं. दोघांनी एकमेकांकडे वळून पाहिलं. एकाने तोंड उघडलं असतं, तरी गाव टेकडीवर असतं.

“मोजणी करा लवकर,” तात्या म्हणाले.

“हो, करा,” ती म्हणाली. त्या सबंध निवडीत दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

मग वळणावरून पाणी आलं. त्याने रांगा विचारल्या नाहीत.

ज्याला जो काठ जवळ होता, त्याने तो गाठला. काहींना एकही जवळ नव्हता. सूर्य माथ्यावर आला, तेव्हा गावाचे दोन तुकडे दोन काठांवर निथळत उभे होते आणि मध्ये नदी गर्जत होती. डाव्या काठावर आबा दिसत होते. अक्का डाव्या काठावर नव्हती. उजव्यावरही नव्हती.

“तुम्ही ओ द्यायची होतीत!” डावा काठ ओरडला.

“तुमच्या तोंडात काय गूळ होता?” उजवा काठ ओरडला.

“अक्काऽऽ!” दचकीने खडकावरून हाक मारली.

दोन्ही काठ भांडत होते. आबा ओठ हलवत होते, पण त्यांतून आवाज येत नव्हता. तिने पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. घसा फाटला, तशी ती अक्काला सोडून कोणालाही हाका मारू लागली.

“कोणीतरी ओ द्या होऽऽ! कोणीतरी!”

“ओऽऽ!”

वरच्या अंगाने आवाज आला. ठणठणीत, न घाबरलेला. दचकी अशी दचकली की खडकावरून पडता पडता राहिली. क्षणभर तिला वाटलं, अक्का! तिने वळून पाहिलं. काठावर घोडा उभा होता आणि घोड्यावर गढीवाला. त्याच्या कपड्यांवर पाण्याचा शिंतोडाही नव्हता. त्याने आधी माथ्यावरच्या सूर्याकडे पाहिलं, मग खालच्या दोन तुकड्यांकडे.

“बोल पोरी, काय म्हणतेस?” तो प्रेमाने म्हणाला. “आजपासून या गावाच्या वतीने ओ मीच द्यायची.”

तात्पर्य: आपल्या माणसाची हाक ऐकून जो आधी त्याची रांग विचारतो, त्याच्या वतीने शेवटी परकाच ओ देतो.