चिंच नको म्हणणारा तवा

भांडी बोलत होती, त्या काळातली गोष्ट. पाडव्याच्या आदल्या दिवशी तांब्या चिंचेने घासून लख्ख झाला होता. उद्या त्याला गुढीवर चढायचं होतं. शेजारी बिडाचा तवा दमून भिंतीला टेकला होता. या घरात येऊन त्याला वर्ष झालं होतं.

“तवेराव, तोंड बघा जरा!” तांब्या म्हणाला. “थोडी चिंच उरलीय. वर्षभराचं काळं निघेल, कोरे करकरीत व्हाल.”

तव्याला मोह झाला. पहिलं घावन चिकटलं तेव्हा सगळं फडताळ हसलं होतं. श्रावणात अंगावर गंज चढला. सुट्टी म्हणाल तर नागपंचमीची, त्या दिवशी तवा चुलीवर ठेवत नाहीत, तेवढीच.

“गंजाचे दिवस पुसले जातील?”

“सगळं जाईल.”

“आणि रोज कांदा-तेल चोळून घेतलं नि दिवाळीला घावन पहिल्यांदा अलगद सुटलं, ते?”

“ते त्या काळ्यामुळेच ना? मग तेही जाईल.”

तव्याने चिंचेकडे पाठ फिरवली. “राहू दे, बाबा. पुन्हा त्या पहिल्या घावनापासून सुरुवात करायचं त्राण नाही अंगात.”

सकाळी तांब्या गुढीवर उपडा झळकत होता. खाली न्याहारीचं घावन न फाटता उलटलं. तवा दुसऱ्या घावनासाठी तापत राहिला.