चिमूटभर हळद

"बाबा, हौद ओतून देऊ का?"

गावच्या हौदावरचा पोरगा गुरुसिद्ध धापा टाकतच नूरबाबांच्या तकियात, त्यांच्या झोपडीत, शिरला. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे.

नूरबाबा अर्धी उमर चुनाभट्टीवर घालवून मग फकीर झालेले. चुना विकतो मी, पण कळतो त्यांना. त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला टेकलो होतो, म्हणून हे मला ठाऊक.

"काय झालं?"

"गावात घरटी मुतखडे. तुम्ही म्हणालात, पाण्यातला चुना काढायला चुनाच घाल, दोन्हींचा मिळून गाळ बसतो. विहिरीचं पाणी हौदात भरून घातला. लोक हसले, म्हणाले, हा गावाला चुना लावतोय! आता उन्हं कलताना सरपंच कमलाक्का पाणी चाखायला येणार. नाही पटलं तर हौदाला कुलूप. मग पुन्हा तेच विहिरीचं पाणी... माझी आईसुद्धा तेच पिणार."

"गाळ बसला?"

"बसला. पाणी नितळ आहे. पण जीभ चरचरते."

बाबा हौदापाशी आले. तांब्याभर पाणी घेतलं. चिमूटभर हळद टाकली.

हळद लाल झाली. कुंकवासारखी.

"किती घातलास?"

"सांगितलात तेवढाच..."

बाबांनी तो लाल तांब्या त्याच्यासमोर धरला.

"...वर एक घमेलं. कमी पडायला नको म्हणून."

"विहिरीचं पाणी ओत यात."

"तेच? मुतखड्याचं?"

"तेच."

"अहो बाबा..." मीही मध्ये पडलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गुरुसिद्ध पोहऱ्यामागून पोहरा ओतू लागला. घाई अशी की निम्मं पाणी त्याच्याच पायांवर. हौद पुन्हा दुधासारखा झाला. पोरानं डोळेच मिटले.

"बस. थांब आता."

"थांबून काय करू?"

"काही नाही."

तेच त्याला जमेना. दर घटकेला वाकून बघायचा. मीही बघायचो, खोटं कशाला बोलू?

उन्हं कलली. जास्तीचा चुना नव्या पाण्यातल्या चुन्याला घेऊन गाळ होऊन तळाला गेला. बाबांनी पुन्हा हळद टाकली.

पिवळीच राहिली.

कमलाक्कांनी घोट घेतला, तोंडात घोळवला... गिळला. "घागरी आणा गं," एवढंच म्हणाल्या.

गुरुसिद्धाचा जीव मात्र अजून टांगलेलाच.

"बाबा, आता यात चुना अजिबात नाही ना?"

"आहे थोडा."

"आहे? मग तोही काढायला हवा! काय घालू, सांगा!"

बाबांनी काठीनं त्याच्या नडगीवर टकटक केलं.

"आधी ह्या हाडातला काढ."